आधी कोणाचे पॅकेट? घरच्या राउटरवरचा लॅग आणि प्राधान्यक्रम

सुट्टीवरून हाउसमध्ये परतलो की पहिला आठवडा सगळ्यांच्या घरच्या गोष्टी चालतात. यंदा त्यांत एक तक्रार बऱ्याच जणांची होती : "प्लॅन चांगला आहे, स्पीड टेस्टला आकडाही भरपूर येतो, तरी गेम मध्येच गोठतो आणि कॉलवर आवाज तुटतो." यावर घरोघरी एकच उपाय केला जातो, तो म्हणजे आणखी मोठा प्लॅन. पुष्कळदा पैसे जातात आणि लॅग तिथेच राहतो. असे का होते, आणि राउटरमध्येच असलेल्या एका सोयीने तो कसा कमी करता येतो, हे या लेखात सांगतो. दहावीच्या गणितापलीकडचे काही लागणार नाही.

वेग वेगळा, उशीर वेगळा

कॉन्व्हॉयमधले पन्नास ट्रक एका फेरीत शेकडो टन सामान नेतात. मोटारसायकलवरचा डिस्पॅच रायडर फक्त एक लिफाफा नेतो, पण तो आधी पोहोचतो. प्लॅनवर लिहिलेला एमबीपीएसचा आकडा ट्रकांचा आहे, म्हणजे एका सेकंदात किती माल जाईल याचा. गेम आणि कॉल यांना रायडर हवा असतो. एक छोटे पॅकेट इथून निघून तिथे पोहोचायला आणि उत्तर परत यायला जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात आणि तो मिलिसेकंदात मोजतात. हा वेळ वाढला किंवा सारखा कमी-जास्त होत राहिला की आपण त्याला लॅग म्हणतो.

या वेळेतला एक भाग कोणाच्याही हातात नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ४००० किलोमीटर आहे. जायला २० आणि यायला २० असे किमान ४० मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात जास्त. सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याने ५ मिलिसेकंद पिंगची अपेक्षा ठेवू नये. भौतिकशास्त्राशी वाद घालता येत नाही.

पण ४० चे ६०० झाले तर तो दोष अंतराचा नाही, रांगेचा आहे. आणि बहुतेक वेळा ती रांग आपल्याच घरात असते.

रांग कुठे लागते

आमच्या घरचे उदाहरण घेतो. घर इंदूरला आहे. तिथे आई, आजी आणि ताई असतात. बाबा फील्ड पोस्टिंगवर आहेत. ते जिथे आहेत तिथून रोज फोन लागत नाही. लागला तर संध्याकाळी, दहा-पंधरा मिनिटांसाठी. आमच्या कॉलनीत मोबाईलची रेंज घराच्या आत नीट येत नाही, म्हणून तो कॉल वाय-फायवरूनच येतो. ताई आर्किटेक्चरला आहे. तिची ड्रॉइंग आणि मॉडेलच्या फाइली संध्याकाळीच अपलोड होत असतात, आणि घरातले तीन फोन चार्जिंगला लावले की आपापल्या फोटोंचा बॅकअप सुरू करतात. मग आजी विचारते, "जेवलास का?" आणि बाबांचे उत्तर येते ते तुकड्या-तुकड्यांत. आजीला वाटते की तिकडे काहीतरी बरोबर नाही. तिला लॅग म्हणजे काय ते सांगून उपयोग नसतो.

आमच्याकडे लोकल केबलवाल्याचे कनेक्शन आहे : डाउनलोड ३० एमबीपीएस, अपलोड ५. सुट्टीत मी मोजले. घरात कोणी काही वापरत नसताना पिंग २२ मिलिसेकंद होता. ताईचे अपलोड चालू झाले की तोच ६०० च्या वर गेला.

आता या आकड्यावरून रांग किती लांब आहे ते काढता येते. वाढलेला उशीर सुमारे ६०० मिलिसेकंद, म्हणजे ०.६ सेकंद. लाइन सेकंदाला ५ मेगाबिट पाठवते. ०.६ गुणिले ५ म्हणजे ३ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ३७५ किलोबाइट. इंटरनेटवरचे मोठे पॅकेट १५०० बाइटचे धरले तर २५० पॅकेट झाले. म्हणजे बाबांच्या कॉलचे प्रत्येक छोटे पॅकेट ताईच्या २५० मोठ्या पॅकेटांच्या मागे उभे राहत होते. मेसमध्ये फक्त मीठ मागायला आलेल्या मुलाला अडीचशे जणांचे ताट वाढून होईपर्यंत थांबवावे, तसे.

ही रांग लागते तरी का? कारण पाठवणाऱ्या संगणकाला लाइनची क्षमता आधी माहीत नसते. तो वेग वाढवत जातो आणि एखादे पॅकेट हरवले की गर्दी झाली असे समजून वेग कमी करतो. ही पद्धत एका मोठ्या फजितीतून आली. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेपासून बर्कलीच्या विद्यापीठापर्यंतचा, म्हणजे जेमतेम ४०० यार्डांवरचा, वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. ८०० पट! व्हॅन जेकबसन यांनी त्याचे कारण शोधले आणि १९८८ मध्ये गर्दी ओळखून मागे हटण्याची पद्धत मांडली. आजही इंटरनेट त्याच कल्पनेवर उभे आहे.

पुढे मेमरी स्वस्त झाली. मोडेम आणि राउटर बनवणाऱ्यांना वाटले की पॅकेट हरवणे वाईट, तेव्हा थांबायला मोठी जागा ठेवावी. या जागेला बफर म्हणतात. पण बफर मोठा झाला की पॅकेट हरवतच नाही, पाठवणाऱ्याला गर्दीचा पत्ता लागत नाही आणि तो बफर तुडुंब भरून ठेवतो. माल पूर्ण वेगाने जात राहतो, म्हणून स्पीड टेस्टमध्ये सगळे झकास दिसते. अभियंते जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर हे मोजले आणि त्याला 'बफरब्लोट' हे नाव दिले. बफर फुगणे, असे आपण म्हणू.

आधी निदान

सेटिंगला हात लावण्याआधी दोष कुठे आहे ते पाहावे. संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी आपल्या राउटरलाच पिंग करावे. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला असतो (टाइप करताना अर्थात इंग्रजी अंक). घरातल्या घरात उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत यायला हवे. तेच शंभर-दोनशेवर उड्या मारत असेल तर गडबड वाय-फायची आहे. भिंती, शेजाऱ्यांची वाय-फाय, लांबची खोली यांपैकी काहीतरी. तिथे पुढचे काहीच लागू पडत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर जावे, राउटर कपाटामागून बाहेर काढावा, किंवा गेम खेळायचा संगणक सरळ केबलने जोडावा. माझ्या मते केबलइतका स्वस्त उपाय दुसरा नाही, पण ती कोणाला आवडत नाही.

राउटरचा पिंग ठीक असेल तर बाहेरच्या एखाद्या ठिकाणाला पिंग लावून ठेवावे आणि त्याच वेळी मोठी फाइल अपलोड करावी. मग मोठी फाइल डाउनलोड करावी. दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहावेत. मोकळ्या वेळेपेक्षा आकडा पाच-दहा पट झाला तर आपली गाठ फुगलेल्या बफरशी आहे. अपलोडच्या बाजूने हे जास्त दिसते, कारण पुष्कळ कनेक्शनांमध्ये अपलोडचा रस्ताच अरुंद असतो.

रांग आपल्या दारात आणणे

आता मुख्य गोष्ट. राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिस, नावाचे पान असते. काही राउटरांत त्याला बँडविड्थ कंट्रोल किंवा ट्रॅफिक कंट्रोल म्हणतात. आपली मुले काय करतात? ते पान उघडतात, आपल्या फोनला 'हाय' प्रायॉरिटी देतात आणि काही फरक पडला नाही म्हणून बंद करतात.

फरक पडत नाही, कारण रांग राउटरमध्ये नसतेच. राउटर आणि मोडेम यांच्यामधली तार सेकंदाला १०० किंवा १००० मेगाबिट नेते. राउटर आपल्याकडचे सगळे क्षणात मोडेमला देऊन मोकळा होतो. पुढची लाइन ५ ची, म्हणून तुंबते मोडेममध्ये. आणि मोडेमला तुमच्या 'हाय' आणि 'लो'चे काही माहीत नाही. ड्यूटी कॅडेट मेसच्या दारात उभा आहे आणि रांग मात्र आत काउंटरवर लागली आहे, अशी ही स्थिती. त्याने दारात कितीही शिस्त लावली तरी आतली धक्काबुक्की चालूच.

उपाय असा की दारातूनच मुले थोडी हळू सोडायची, काउंटरवर वाढण्याचा जो वेग आहे त्याच्या किंचित खाली. मग रांग दारात लागेल आणि तिथे ड्यूटी कॅडेटचे चालेल. म्हणून क्यूओएसच्या पानावर एकूण अपलोड आणि एकूण डाउनलोड असे दोन आकडे विचारलेले असतात, ते भरणे सर्वांत महत्त्वाचे. प्लॅनवरचा आकडा भरायचा नाही. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तीन-चार दिवस स्पीड टेस्ट करून जो आकडा खरोखर मिळतो, त्याच्या ८५ ते ९० टक्के भरायचा. आमच्याकडे अपलोड ५ मिळते, तिथे ४.५ भरले. काही राउटर हा आकडा केबीपीएसमध्ये मागतात, तिथे ४५००. बिट आणि बाइट यांची गल्लत झाली तर आठ पटींचा फरक पडतो, तेव्हा एकक दोनदा वाचावे.

डाउनलोडचे जरा अवघड आहे. तिथे माल दुसऱ्या टोकाहून येतो, आपण त्याला दारात अडवू शकत नाही. पण राउटर आलेली काही पॅकेट मुद्दाम टाकून देतो. पाठवणाऱ्याला वाटते गर्दी झाली, आणि जेकबसनच्या पद्धतीप्रमाणे तो स्वतःच हळू होतो. उपाय आडवळणाचा आहे, म्हणून डाउनलोडला ८५ टक्क्यांनी सुरुवात करावी आणि पिंग ठीक राहतो असे दिसले तर हळूहळू वाढवावे.

तीन बिटांमधला फौजी

आता कोणाला आधी सोडायचे ते. इथे आपल्यासारख्या शाळेतल्या मुलांना आवडेल अशी एक गोष्ट आहे. इंटरनेटच्या प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर काही माहिती लिहिलेली असते. तिचा नमुना अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेसाठी तयार झाला आणि सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्राधान्यासाठी तीन बिट राखलेले होते. तीन बिटांचे दोनाचा घन म्हणजे आठ स्तर होतात. त्यांची खालून वर नावे पाहा : रूटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश, फ्लॅश ओव्हरराइड. त्यांच्यावर एक 'क्रिटिक'चा स्तर आणि सर्वांत वरचे दोन नेटवर्कच्या स्वतःच्या कारभारासाठी. लष्करी संदेशांवर जे शिक्के मारतात तेच हे शब्द! आपण घरात गेम खेळताना ज्या पॅकेटांवर चिडतो, त्यांच्या डोक्यावर सिग्नल्सवाल्यांचा शिक्का बसण्याची जागा पहिल्यापासून होती.

१९९८ मध्ये ही जागा सहा बिटांची करून नव्याने ठरवली गेली, म्हणजे ६४ खुणा शक्य झाल्या. आवाजाच्या पॅकेटांसाठी त्यातली ४६ ही खूण रूढ आहे. ४६ द्विमान पद्धतीत लिहून पाहा : १०१११०. पहिले तीन अंक १०१, म्हणजे ५, म्हणजे जुना 'क्रिटिक'चा स्तर. जुन्या उपकरणालाही नवी खूण समजावी अशी ही सोय. मात्र ही खूण आपल्या घरातच चालते असे समजावे, कारण बाहेर गेल्यावर ती पुसली जाऊ शकते. नाहीतर जो-तो आपल्या पॅकेटवर फ्लॅश लिहून पाठवेल.

हीच गोष्ट घरातही लागू आहे. सगळ्या उपकरणांना 'हाय' दिले तर कोणालाच दिले नाही. आणि ज्याला 'हाय' दिले तो पोटभर खाणारा असेल, तर बाकीचे उपाशी राहतात. म्हणून 'हाय' नेहमी कमी खाणाऱ्याला द्यावे. बाबांचा आवाजाचा कॉल किती खातो? साध्या फोनच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ६४ किलोबिट असतो. त्याची सेकंदाला ५० पॅकेट होतात. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्ता वगैरे. २०० गुणिले ५० गुणिले ८ म्हणजे ८० हजार बिट, अर्थात ८० केबीपीएस. ४५०० मधले ८०, म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही. पण आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. नुसत्या आमच्या मोडेममधली रांगच त्याच्या चौपट होती.

हे मी घरी सांगितले तेव्हा ताई म्हणाली, "म्हणजे माझं सबमिशन मागे. रात्री बारा वाजता पोर्टल बंद होतं, तेव्हा तू येणार आहेस का उघडायला?" तिचे म्हणणे रास्त होते. घरात आकडा भरण्याआधी सगळ्यांना विचारायला हवे, कारण एकाचा लॅग कमी करायचा म्हणजे दुसऱ्याच्या वाट्यातून थोडे घ्यायचे. म्हणून हिशोब केला. तिची २ गिगाबाइटची फाइल म्हणजे १६ हजार मेगाबिट. ५ च्या वेगाने ३२०० सेकंद, म्हणजे ५३ मिनिटे. ४.५ ने ३५५६ सेकंद, म्हणजे ५९ मिनिटे. सहा मिनिटे जास्त. त्यात दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला आणि त्याने १ एमबीपीएस घेतले, तर आणखी सव्वादोन मिनिटे. ताईने वही माझ्या हातातून घेतली, स्वतः गुणाकार करून पाहिला आणि म्हणाली, "आठ मिनिटं बाबांना दिली. फोटोंचा बॅकअप मात्र सगळ्यात खाली टाक, माझ्याही खाली." तसे केले. आईचा फोन वर, कारण बाबांचा कॉल त्यावर येतो. ताईचा लॅपटॉप मध्ये, बाकी सगळे खाली. माझा गेमसुद्धा मध्येच ठेवला, कारण तो मत मागायच्या स्थितीत नव्हता.

यादी न करताही

एक अडचण उरते. पूर्वी पोर्ट क्रमांकावरून हा कॉल, हा व्हिडिओ असे ओळखता येई. आता जवळजवळ सगळेच कूटबद्ध होऊन ४४३ या एकाच पोर्टवरून जाते, म्हणून ॲप ओळखण्याचे नियम पुष्कळदा फसतात. उपकरणावरून नियम लावणे सोपे, पण एकाच फोनवर कॉल आणि बॅकअप दोन्ही असले तर? आईच्या फोनचा बॅकअपही मग फ्लॅश होऊन धावतो.

यावरचा चांगला उपाय २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडला (हो, १९८८ वालेच जेकबसन). त्याचे नाव कोडेल. तो रांगेची लांबी पाहत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभे राहिले ते पाहतो. थांबण्याचा वेळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर एक पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला इशारा देतो. त्याच्या पुढची सुधारणा म्हणजे एफक्यू-कोडेल. ती सगळ्यांना एका रांगेत उभे न करता १०२४ छोट्या रांगा करते आणि प्रत्येकीला पाळीपाळीने सोडते. ज्या रांगेत क्वचित एखादेच पॅकेट येते, तिला आधी सोडते. मीठवाल्या मुलाला काही सांगावे लागत नाही, तो आपोआप पुढे जातो. राउटरच्या मेनूत हे नाव किंवा 'एसक्यूएम' दिसले, तर 'हाय-लो'ची यादी करण्यापेक्षा तेच निवडावे असे माझे मत आहे. ओपनडब्ल्यूआरटी या मोफत प्रणालीवर चालणाऱ्या राउटरांत ते मिळते. इथेही एकूण वेगाचे ते दोन आकडे भरावेच लागतात.

ज्यांच्या घरी मोडेम आणि राउटर एकाच डब्यात आहेत, त्यांना कदाचित हे पानच सापडणार नाही. तिथे त्या डब्याच्या मागे आपला वेगळा राउटर लावून सगळी उपकरणे त्याला जोडावी लागतात. आणि ज्यांचा प्लॅन २००-३०० एमबीपीएसचा आहे पण राउटर साधा आहे, त्यांनी जपून राहावे. प्रत्येक पॅकेट तपासायचे काम राउटरच्या छोट्या प्रोसेसरवर पडते आणि वेग निम्म्यावर येऊ शकतो. क्यूओएस लावून स्पीड टेस्ट करा. भरलेल्या आकड्याच्या जवळपास वेग मिळत नसेल, तर राउटर दमला आहे.

सगळे झाल्यावर पुन्हा तीच चाचणी घ्यावी, अपलोड चालू ठेवून पिंग. आमच्याकडे ६०० चे ३० ते ४० झाले. पिंग अजून उड्या मारत असेल तर भरलेला आकडा आणखी पाच टक्के कमी करून पाहावा. आणि पुढे कधी घरच्यांनी प्लॅन वाढवला तर हे दोन आकडेही त्याच दिवशी बदलावेत. ते जुनेच राहिले तर पैसे ५० एमबीपीएसचे जातील आणि राउटर इमानेइतबारे जुन्या हिशोबानेच सोडत राहील.